भीतीची वाक्यं

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

कशी आहेस? भावोजींची कंबर आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. न्हाणीघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला.

बाबांना तुझ्याकडे राहायला यायचंय. हवापालट म्हणून. नजर गेली असली तरी खाणंपिणं नीट आहे, तुला जड जाणार नाहीत.

माझी लॅटिनची परीक्षा जवळ आली. पास झाले तर ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या विभागात कायम होईन. मी शिकवणी शोधत फिरत होते आणि जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेला माणूस घरातच! काखेत कळसा न् गावाला वळसा. मी त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवून नखं कापते, ते तोंडी वाक्यं करायला लावतात.

ताई, हवापालट वगैरे काही नाही. तुझ्यापासून काय लपवू?

मंगळवारी भीतीची वाक्यं चालली होती. पाऊस येईल अशी भीती वाटते, साहेब रागावतील अशी भीती वाटते. "पुस्तकातली नकोत," बाबा म्हणाले. "तुझी सांग. खरं वाक्य विसरत नाही." त्या दिवशी मी तिसऱ्यांदा चादर बदलली होती. तोंडातून निघून गेलं: बाबा अजून खूप वर्षं जगतील अशी भीती वाटते.

परक्या भाषेत काहीही बोलावं, कुणाला कळतंय! आणि समोर कोण, तर ती भाषा शिकवणारेच.

रागावले नाहीत. "क्रियापद चुकलं. परत म्हण."

आणि मी मूर्ख, परत म्हटलं. बिनचूक.

"आता बरोबर," म्हणाले. चाचपडत पाय पाण्याबाहेर काढले. एका पायाची नखं तशीच राहिली. "ताईला लिही, मी येतो म्हणून."

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी लाज पुढे आहे. तुझं नाव ऐकताच मला हायसं वाटलं. नुसता श्वास सोडला गं मी, आणि त्यांनी मान वळवली. तेव्हापासून पाय हातात देत नाहीत.

तू "नाही" म्हण, असं लिहिणार होते. पण दोन्ही मुलींकडून त्यांनी तेच ऐकायचं का? तू फोन कर आणि मनापासून "या" म्हण. निदान एका मुलीला ते हवेत, हे त्यांच्या कानावर पडू दे. मग मी "जाऊ नका" म्हणेन. त्यांना खरं वाटणार नाही. तरी म्हणेन.

तुझी
(त्यांची म्हणायला जीभ रेटत नाही)
धाकटी