बुधवारी मेलेली जिलबी

पप्पा,

तुम्ही तो खेळ आयुष्यात एकदाच जिंकलात आणि त्या जिंकण्यात माझी एक लबाडी आहे. तुम्ही होतात तोवर सांगायचं धाडस झालं नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी हे उकरून काढायचं कारण म्हणजे परवा चाकणला, आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, मला एकाने त्या विजयाबद्दल सरळ प्रश्न विचारला. उत्तर हो किंवा नाही, एवढंच द्यायचं होतं. मी काय म्हणाले ते सांगतेच, पण पहिल्यापासून सांगू द्या. अर्धवट रिपोर्ट तुम्हाला कधीच चालला नाही.

तुमच्या कंपनीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा तुम्ही त्यातला एक उचललात आणि टेम्पोत स्वतःच्या मांडीवर धरून थेरगावला आणलात. घरात अर्थिंगचा धड प्लग एकच होता, तोही स्वयंपाकघरात, मिक्सरचा. म्हणून ते धूड पिठाच्या डब्याशेजारी बसलं. आई म्हणाली, "आता ह्याला बी ताट वाढू का?" त्याच्यात ऑफिसातल्या कुणीतरी एक खेळ तसाच ठेवून दिला होता. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसते ठिपके, रेघा आणि इंग्रजी अक्षरं. मला वाटलं कॉम्प्युटर बिघडलाय. तुम्ही मात्र ड्रॉइंग वाचायला बसावं तसे चष्मा सारखा करून बसलात आणि दोन आठवड्यांत उलगडा करून टाकलात. ठिपके म्हणजे जमीन, रेघा म्हणजे भिंती, अक्षरं म्हणजे जनावरं आणि राक्षस, आणि ते ईमेलच्या पत्त्यात असतं तसलं गोल चिन्ह म्हणजे आपण. तुम्ही त्याचं नाव जिलबी ठेवलंत. जिलबीने मजले उतरत खोल तळघरात जायचं, अगदी तळाशी पडलेला ताईत उचलायचा आणि जिवंत परत वर यायचं. मोठा एम दिसला की तुम्ही ओरडायचात, "मॅनेजर आला, पळा!" एस म्हणजे सुपरवायझर, तो एकटा कधीच येत नसे. आणि जिलबी एकदा मेली की मेली. खेळ स्वतःच तिची फाइल पुसून टाकायचा, पुढच्या वेळी पहिल्या मजल्यापासून सुरुवात, आणि तळघरही पार नवीन, कालचा एकही रस्ता कामाचा नाही. तुम्ही कपाळावर हात मारलात की चुलीपाशी पाठ करून बसलेल्या आईला कळायचं. "मेलाव का वो? मग या जेवायला."

तुमची सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी लाइट घालवायला वीजवाल्यांनाही गुरुवारच सापडायचा. सेव्ह करण्याआधी लाइट गेली की जिलबीही गेली, त्यामुळे तुमचा खेळ म्हणजे अर्धा राक्षसांशी आणि अर्धा वायरमनशी असे. उरलेली कसर आई भरून काढायची. चटणी वाटायची म्हणून तिने एकदा सरळ प्लग उपटला होता, तेव्हा तुम्ही बाराव्या मजल्यावर होतात. तुम्ही जेवलात, पण चटणीला हात लावला नाहीत. तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा पहिल्या मजल्यापासून, तितक्याच उत्साहाने. मी तेव्हा दहावीत. डांगे चौकातल्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन नुकती शहाणी झालेली. मी म्हणाले, "पप्पा, मधूनमधून फाइलची कॉपी करून ठेवू या ना. मेलं की परत तिथूनच चालू." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "रिजेक्ट पीसवर हिरवा ठिपका मारायला सांगतीस व्हय मला?" आणि मग जरा शांत होऊन, "परत उठून बसायचंच असंल तर मेलो कशाला मग?" फायनल इन्स्पेक्शनला तुमची उभी हयात गेली होती. तुमच्या हातात पीस आला की तो मापाच्या गेजमध्ये जायचा किंवा जायचा नाही, पास असेल तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल, तिसरा रंग तुमच्याकडे नव्हता. कॉपीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्याच वर्षी तुमच्या खात्यात मोजणीचं नवं मशीन आलं. एसीच्या खोलीत ठेवलेलं, आत जाताना चपला काढायच्या. तुमच्या हाताला लागायचा तो फरक आता मशीन कागदावर छापून द्यायला लागलं आणि तुम्हाला स्टोअरला बसवलं, नट-बोल्टांच्या खोक्यांपाशी. घरी तुम्ही ह्यातलं काही बोलला नाहीत. फक्त जेवताना "मीठ दे" आणि "पुरे" एवढंच बोलायला लागलात. आईने दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा "काही नाही" म्हणालात. संध्याकाळी मात्र कॉम्प्युटरपुढे बसायचात, आणि त्याच दिवसांत तुमची एक जिलबी कधी नव्हे ती तळाला पोचली. ताईत उचलला. मंगळवारी तुम्ही तो घेऊन वर यायला निघालात, नऊ मजले उरले होते. फाइल सेव्ह करून उठलात आणि कित्येक आठवड्यांनी हसलात. "गुरुवारी बाहेर काढतो बघ," म्हणालात.

आणि मग तो बुधवार येतो. तुम्ही पहाटेच पहिल्या पाळीला गेलाय. क्लासच्या सरांनी घरून एखादं फोल्डर फ्लॉपीवर उतरवून आणायला सांगितलंय, म्हणून सकाळी मी हाताला येईल ते, म्हणजे तुमच्या खेळाचंच फोल्डर, उतरवून घेते. त्यात माझ्या मनात काही काळंबेरं नाही, हे खरंच सांगते. दुपारी शाळेतून येते. आई भाकरी थापतेय. मला वाटतं, ताईत दिसतो तरी कसा ते बघू. बघते. मग वाटतं, एकच मजला. जिलबीला भूक लागलीय असं खाली इंग्रजीत येतं, शेजारीच एक मेलेलं जनावर पडलंय, मी खाऊ घालते. तीन चाली होतात आणि जिलबी तडफडून मरते. जनावर कुजलेलं होतं. पडद्यावर थडगं येतं, त्यावर तुमचं नाव. आई विचारते, "काय झालं?" मी रडत रडत सांगते की मी पप्पांची जिलबी मारली, शिळं खाऊन मेली. आई माझ्याकडे बघते, कॉम्प्युटरकडे बघते. "शिळं खाऊ नये एवढं बी शिकवलं न्हाई का मी तुला?" मग माझ्या हातातली सकाळच्या कॉपीची फ्लॉपी तिला दिसते. ती वळून तव्याकडे तोंड करते आणि म्हणते, "कर काय करायचं ते. मी भाकरी करतेय, मला काय दिसत न्हाई." मी फ्लॉपीवरची फाइल परत घातली. तुम्ही साडेतीनला आलात तेव्हा कॉम्प्युटरवर नेहमीसारखं फडकं झाकलेलं होतं.

गुरुवारी लाइट गेली नाही. आईने मिक्सर वर फळीवर ठेवून दिला आणि चटणी खलबत्त्यात कुटली, मला तर प्रत्येक ठोक्याला कुणीतरी दार वाजवतंय असं वाटत होतं. तुम्ही एकेक मजला चढत होतात. चौथ्या मजल्यावर दोन मॅनेजर एकदम आले, तेव्हा तुम्ही किल्ल्यांवरून हात काढून घेतलेत, पाणी प्यायलात, हिशेबाने एक पाऊल मागे गेलात आणि अरुंद बोळात उभे राहून त्यांना एकेक करून संपवलंत. शेवटचा जिना आला. तुम्ही तो चढला नाहीत, आईला हाक मारलीत. "हे बटन तू दाब." तिचे दोन्ही हात पिठाचे. तिने कोपराने दाबलं. पडद्यावर अभिनंदन आलं आणि तुम्ही आम्हा दोघींना असं काही घट्ट धरलंत की तुमच्या बनियनला पिठाचे पंजे उमटले.

पुढे तुम्ही जे केलंत त्याने माझं तोंड कायमचं बंद झालं. तुम्ही कंपनीत पेढे वाटलेत. स्टोअरच्या लोकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं, तुम्ही सांगत सुटलात, "ताईत घेऊन वर आलो, राव, एकदा पण कॉपी न मारता!" विहारात सांगितलंत, शेजारी सांगितलंत, मावशीच्या घरच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलंत. जुन्या खात्यातही पेढे घेऊन गेलात, चपला काढून त्या मशीनच्या खोलीत शिरलात आणि ते चालवणाऱ्या पोराला म्हणालात, "तुझ्या मशीनला सांग, हे मोजून दाखव." त्यानंतर तुम्ही घरी पुन्हा बोलायला लागलात. शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा सलाइन लावणाऱ्या नर्सलाही तुम्ही बोळातले दोन मॅनेजर बोटांनी चादरीवर काढून दाखवलेत. ती म्हणाली, "काका, भारीच की!" मी कॉटपाशी उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुमचा चेहरा इतका खुलला होता की मी मोसंबी सोलत राहिले.

आता माझं ऐका. मी अजून तो खेळ खेळते. तसाच आहे, ठिपके आणि अक्षरं. आता त्याची दर वर्षी स्पर्धा असते, काही आठवडे चालते, जगभरातून लोक एकाच सर्व्हरवर खेळतात आणि आपण खेळत असताना कुणीही आपला पडदा बघू शकतं. फाइल आपल्या हातात नसतेच, त्यामुळे फ्लॉपीचा प्रश्न मिटला. लोक मला विचारतात, मोबाइलवर इतके देखणे खेळ असताना तू हे काय घेऊन बसलीस. मी खेळलेत ते देखणे खेळ. मेलं की ते म्हणतात जाहिरात बघ आणि परत ऊठ. मला ते जमत नाही, मी तुमच्या घरात वाढले. मी रोज डांगे चौकातून कंपनीच्या बसला बसते, चाकणच्या त्याच कोंडीत तासभर अडकते, त्याच लाइनवर तेच पार्ट तपासते. हो, क्वालिटीलाच आहे, गेजची जागा कॅमेऱ्याने घेतली एवढंच. अशा दिवसाच्या शेवटी एक जागा तरी हवी जिथे पुढच्या दाराआड काय आहे ते मलाच काय, खेळ लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. तिथे मेले तर माझ्याच चुकीने मरते. ताईत, तलवार सगळं जातं, आणि मी मात्र काहीतरी शिकून उठते. ह्यात एवढी मजा का येते ते मला नीट सांगता येत नाही, पण तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

आमच्या स्पर्धेच्या टीममध्ये मेंटेनन्सचा एक जण आहे, चिपळूणकडचा. त्याने पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत माझा लॅपटॉप बघितला तेव्हा म्हणाला, "ताई, सिस्टीम हँग झाली वाटतं, रिस्टार्ट मारू काय?" आता तो माझ्यापेक्षा जास्त वेडा झालाय. यंदा मी ताईत उचलला, पप्पा. वर येताना चिपळूणवाला आणि आणखी वीसेक अनोळखी माणसं माझा पडदा बघत होती. तिसऱ्या मजल्यावर मी घाई केली आणि मेले. अगदी रीतसर, माझ्या हाताने. चिपळूणवाला डोक्याला हात लावून बसला आणि मला मात्र हसू आवरेना. तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की तळापासून वर येणं किती अवघड असतं. ते नऊ मजले तुम्ही चढला होतात. त्यातलं एक पाऊलही मी टाकलं नव्हतं.

तर परवा कॅन्टीनमध्ये चिपळूणवाला स्पर्धेच्या साइटवर आमच्या टीमच्या पानावर दोन ओळी लिहीत होता. तुमची गोष्ट त्याला माहीत, मीच शंभरदा सांगितलीय. त्याने लिहिलं, आमच्या कॅप्टनच्या वडिलांनी हा खेळ भंगारातल्या कॉम्प्युटरवर जिंकला, एकदाही कॉपी न मारता. मग थांबून म्हणाला, "ताई, एकदाही न मारता, हे पक्कं ना? इथले लोक फार कडक असतात हो." क्वालिटीत मला वीस वर्षं झाली. डिस्पॅचवाले गाडी उभी करून बोंब मारत असतात तरी मी डागी माल सोडत नाही, म्हणून माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणतात तेही मला माहीत आहे. मी म्हणाले, "पक्कं. लिही." त्याने लिहिलं. जगातल्या कुणालाही ते आता वाचता येतं.

घरी येऊन आईला सांगितलं की मी पप्पांना पत्र लिहून सगळं कबूल करणार. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "लिही की. कुठल्या पत्त्यावर टाकणार हायेस?" पत्त्याची अडचण नाही, पप्पा. आज तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला असतात, तरी हा कागद मी तुमच्या हातात दिला नसता. घडी करून कपाटात ठेवला असता आणि तुमच्यापुढे येऊन बसले असते, की पप्पा, ते दोन मॅनेजर एकदम आले तेव्हा तुम्ही काय केलंत, ते परत एकदा सांगा ना.