कारणाचा रकाना

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, हे आधी लिहितो, कारण तुझ्या कानावर भलतंसलतं गेलं असणार. काल सकाळी अकराला माझ्या किल्ल्यांच्या टपरीवर दोन शिपाई आले आणि चल म्हणाले. कशाला, विचारलं, तर कळेल म्हणाले. दाताच्या दवाखान्याची किल्ली अर्धी घासून झाली होती, ती तशीच पकडीत राहिली. सगळ्या बाजारासमोर दंडाला धरून नेलं गं मला!

ठाण्यात बाकावर बसवलं. ज्या साहेबाने बोलावलं तो बाराला पाळी संपवून घरी गेला. नव्या साहेबाला विचारलं, मला का आणलंय. तो म्हणाला, तुला माहीत असेलच. हवालदार तर उलट मलाच विचारतो, काय केलंस म्हणून. नोंदवहीत माझं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात नुसती रेघ मारली. संध्याकाळी सहाला सोडलं. सोडताना साहेब काय म्हणावा? पुन्हा असं करू नकोस! असं म्हणजे कसं, ते त्या शहाण्यालाही ठाऊक नव्हतं.

जाऊ दे, सुटलो ना, आता गप्प बसावं असं वाटतंय. भावोजींना नमस्कार.

तुझी माया नेहमीसारखीच राहू दे,
धाकटा


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गप्प बसावं वाटतंय? वा रे पठ्ठ्या! वकिलाच्या कचेरीत सत्तावीस वर्षं टाइप करून माझी बोटं वाकडी झाली, ती भाऊ असा गोगलगाय निघावा म्हणून का? माणसाला धरलं की का धरलं ते तिथल्या तिथे सांगावं लागतं. कायदा आहे तो, कुणाची मेहेरबानी नव्हे. त्या दिवट्यांना रेघ मारता येते, चार शब्द लिहिता येत नाहीत!

तुझे भावोजी म्हणाले, उगाच कोणी कुणाला नेत नाही, काहीतरी असेलच. मी त्यांना जिन्यात काढलं आणि आतून कडी लावली. का, म्हणून ओरडले, तेव्हा तुम्हाला माहीत असेलच असं सांगितलं. तासाभराने त्यांचं मत बदललं.

पण बाजारही हेच म्हणत असणार, हे तुझ्या टाळक्यात येतंय का? लोक तुझ्या हाती घराच्या किल्ल्या देतात रे. कारण लेखी माग.

रागावले तरी तुझीच,
ताई


ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. दाताच्या डॉक्टरीण बाईंनी दाराचं कुलूपच बदललं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी वर्गांच्या किल्ल्यांचा जुडगा परत मागवला. अकरा दिवसांत तीन गिऱ्हाइकं, तीही परगावची. माझ्या धंद्यात कानशीच्या आधी भरवसा लागतो, आणि तो गेला तर टपरी मोडीत काढावी लागेल मला.

आणि आज कारण स्वतः चालत आलं! तोच हवालदार ओशाळं हसत सांगायला लागला की ठाण्यातल्या लोखंडी कपाटात किल्ली मोडून अडकलीय, उघडून दे. त्या दिवशी मला त्यासाठीच बोलावलं होतं म्हणे. ज्याला ठाऊक होतं तो घरी गेला, आणि बाकीच्या अकलेच्या कांद्यांनी मला चोर समजून दिवसभर बाकावर वाळत घातलं.

मी म्हटलं, मला का नेलं ते लिहून सही-शिक्का द्या आणि टपरीसमोर वाचा. तर कारण लिहून द्यायचे छापील कागद आणि शिक्का त्याच कपाटात अडकलेत! मग इतके दिवस धरलेल्यांना काय देताय, विचारलं, तर मान खाजवायला लागला. आधी उघड, मग देतो म्हणतात. उघडल्यावर कशाला देतील? काय करू, कळव.

तुझाच,
धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

देणार नाहीतच. पण मेल्या, कुलूप उघडणाऱ्याला ते परत लावताही येतं, हे मी सांगायला हवं का?

तुझी शहाणी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गेलो. मोडका तुकडा काढून तिथेच नवी किल्ली घासली. कपाटातून दोन छापील कागद आणि शिक्का काढला, कपाट पुन्हा लावलं, किल्ली खिशात टाकली. साहेब लालबुंद. पुन्हा आत टाकीन म्हणाला. मी म्हटलं, टाका, पण कारण लिहायचा कागद माझ्याकडे आहे. शेवटी लिहिलं बघ, कपाट उघडण्यासाठी बोलावले, गुन्हा काही नाही. हवालदाराने टपरीसमोर ते पुटपुटत वाचलं. शेजारच्या फळवालीने पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, मगच मी किल्ली दिली. शाळेचा जुडगा आज परत आला. डॉक्टरीण बाईंचं अजून काही नाही.

दोन कागद कशाला, विचारशील. मला बसवलं होतं त्याच बाकावर काल एक रंगारी बसला होता, हातावर रंग वाळून पोपडे आलेले. दोन दिवस बसवलंय म्हणाला. का, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठाण्यातून निघण्याआधी दुसरा कागद मी साहेबासमोर ठेवला आणि रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. साहेबाने पेन उघडलं. हवालदाराकडे पाहिलं. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबाला लिहायला काही म्हणता काही सुचेना, तेव्हा त्याने पेन मिटलं आणि रंगाऱ्याला जा म्हणाला.

रंगारी आमच्याबरोबरच बाहेर पडला. तो कोरा कागद सोबत पाठवलाय, भावोजींना वाचायला दे.

अशीच रागावत जा गं,
तुझा धाकटा