अकरा हँडलं आणि एक कडी

सोमवार, ३ जून
सासरे रविवारी येणार. हयात फिटर म्हणून काढलेला माणूस. लग्नात माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, मऊ आहे. अठरा वर्षं झाली, विसरलेलो नाही. या खेपेला त्यांच्या तोंडून ‘वा’ काढणारच. घरातली सगळी पितळी हँडलं केमिकलने काळपट, जुनी वाटतील अशी करणार. व्हिडिओ पाहिला. नऊ मिनिटांचं काम आहे.

मंगळवार, ४ जून
हार्डवेअरवाल्याकडून अमोनिया आणला. तो म्हणाला, आधी थिनरने वरचा लॅकरचा थर काढा, हातमोजे घाला. थिनर आणि हातमोजे त्याच्याच दुकानात मिळतात, हे लगेच ओळखलं. मी काय दूधखुळा आहे?
अकरा हँडलं काढली. सगळे स्क्रू एकाच डबीत. सुटसुटीत.

बुधवार, ५ जून, सकाळी ९
हँडलं मिठाच्या पाण्यात बुडवून, अमोनियाच्या वाटीसोबत डब्यात घट्ट बंद. डबा पिठाचा होता. बायकोला सवडीने सांगणार.

दुपारी ४
बायकोला कळलं.

गुरुवार, ६ जून
हँडलं जशीच्या तशी पिवळी. अमोनियात भेसळ असणार. बाथरूमचं दार सध्या चमच्याने उघडतो. मुलीने विचारलं, कुठल्या चमच्याने? जेवणाच्या नाही, असं ठामपणे सांगितलं. खात्री करायला हवी.

शुक्रवार, ७ जून
आधी लॅकर काढलं पाहिजे, हे माझं मला सुचलं. थिनर आणायला गेलो. हार्डवेअरवाला नुसता हसला. हातमोजे मुद्दाम घेतले नाहीत. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही!

शनिवार, ८ जून
रंग चढला! झकास काळा. फक्त जिथे जिथे धरलं तिथे माझ्या बोटांचे पिवळे ठसे, रेघारेघांसकट. बायको म्हणाली, चोरी झालीच तर पोलिसांचं काम सोपं. शिवाय म्हणाली, पितळ उघडं पडलं. हा विनोद या आठवड्यात तिसऱ्यांदा झाला. खरा कारागीर आपली खूण ठेवतोच, हे तिला कोण समजावणार.
हँडलं बसवली. बाथरूमचे स्क्रू बहुधा बेडरूमला गेले. चमचा अजून ड्यूटीवर.

रविवार, ९ जून
सासरे आले. चहाही न घेता दारं बघत हिंडले. मग माळ्याच्या दाराच्या पितळी कडीपाशी थांबले, बोट फिरवलं आणि म्हणाले, वा! असा रंग आणायला हात लागतो.
अंगावर मूठभर मांस चढलं. ती कडी काढायचीच मी विसरलो होतो. पण ही काही ते सांगायची वेळ नव्हती. नम्रपणे हसलो. सासऱ्यांनी विचारलं, कसा आणलात? मी तोंड उघडेपर्यंत बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अठरा वर्षं तिला हात लावला नाही, म्हणून.
सासरे खोकला येईपर्यंत हसले. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.
मग त्यांनी बाह्या सारल्या. संध्याकाळपर्यंत अकराही हँडलं घासून पुन्हा पिवळीधमक, ज्याचे स्क्रू त्याला. मी शेजारी स्क्रू घेऊन उभा. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, स्क्रू छान धरता.
‘वा’ म्हणाले नाहीत, पण रोख तोच होता.