इंग्लंडचं तिकीट आणि अकरा मतं

प्रिय रंभा,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. चार घरं सोडून राहते आणि पोस्टाने पत्र पाठवते, म्हणून हसायचं तर हस. तू समोर आलीस की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. कागदावर तसं होत नाही.

परवा वर्ध्याला टपाल तिकिटांचं प्रदर्शन होतं. बाबा पोस्टात होते, हा नाद त्यांनीच लावलेला. माझ्या नीलेशने माझी तिकिटांची वही तिथे नेऊन दाखवली आणि मला चक्क एक फलक मिळाला! दुसऱ्या देशांनी भारताच्या इतिहासावर काढलेली तिकिटं मी त्यावर मांडली. वांगी जावेच्या हवाली केली, इस्त्रीची साडी नेसले आणि समुद्रपूरहून पहिली एसटी धरली.

मधोमध इंग्लंडचं तिकीट होतं, १९६९चं, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं. बापूंच्या मागे आपला तिरंगा. बोरगाव मेघेच्या मंदाबाई, पाय दुखतात म्हणून माझ्याच खुर्चीत बसलेल्या, विचारत्या झाल्या, "बाई, ज्यायनं इंग्रजायले हाकललं, त्यायचंच तिकीट त्यायनं काऊन काढलं?" मी ऐटीत म्हटलं, "भांडण होतं तवाबी मानूस मोठाच होता. कबूल कराले बावीस वर्षं लागली." त्या म्हणाल्या, "लय उशीर केला ना मंग!" सगळे हसले. मीही हसले, आणि तू आठवलीस.

अकरा मतांनी मला हरवून तू सरपंच झालीस, त्याला चार वर्षं झाली. भाजीबाजाराच्या शेडला ग्रामसभेत सगळ्यांत मोठ्याने मीच विरोध केला. "शेड नाई, तुले तुह्यं नाव पाह्यजे," असं भर सभेत बोलले. तू डोळे पुसलेस, पण शेड बांधलीस. या उन्हाळ्यात तिथेच बसून वांगी विकते मी. पंख्याखालची जागा मला तूच ठेवायला सांगितलीस, हे बचत गटाच्या शोभाबाईंकडून कळलं. चुकलं गं माझं.

आता खरं कारण. रविवारी बचत गट तुझा सत्कार करतोय. भाषण कोण करणार म्हणताच मी हात वर केला. शोभाबाईंच्या हातातला चहा सांडला! पण तुला नको असेल तर मी उभी राहणार नाही, म्हणून आधी विचारते. चालत असेल तर शेडसाठी वर्ध्याला किती चकरा मारल्यास ते कळव. भाषणात मला आकडा कमी सांगायचा नाही. आणि पुढच्या निवडणुकीत मी तुझ्याविरुद्ध उभी राहणारच आहे. ते मात्र भाषणात बोलणार नाही.

तुझीच,
शालू