ठाकुर्लीत चर्चा घडवताना

४ जानेवारी, रविवार, सकाळी
संकल्प: यंदा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सहाला सामाजिक न्यायावरची डॉक्युमेंटरी. नंतर चर्चा. खरी, तावातावाने. सेक्रेटरी मीच, त्यामुळे परवानगी मीच मागितली, मीच दिली. ठाकुर्ली हलली पाहिजे.
विनिता म्हणाली, माणसं कुठून आणणार? बायकोला व्हिजन नसतं.

५ जानेवारी
काल नऊ जण. दोन झोपले. खाणकामगारांवरची फिल्म. लोकांना बोलतं करायला मी पस्तीस मिनिटं बोललो, मग विचारलं, कुणाला काही बोलायचंय? कमिटीतल्या गिल्बर्टने हात वर केला. पंखा कमी करा म्हणाला.

१२ जानेवारी
काल सात. पण या वेळी तयारीत होतो. आधीच चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून वाटलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या मेघनाने कंसातलं ‘किंचित थांबून’सुद्धा मोठ्याने वाचलं. वैताग.
त्यात आमचा वॉचमन धोंडीबा. खुर्च्या लावतो, फिल्म सुरू झाली की दारात उभा राहून बघतो, आणि मध्येच गायब. गेटवर कुणी नाही. विचारलं तर म्हणे, स्टेशनवरच्या संडासाला गेलेलो साहेब, शुगर आहे, धरवत नाही. जाऊन येऊन पंचवीस मिनिटं! लेखी समज दिली. शिस्त म्हणजे शिस्त.

१५ जानेवारी
गिल्बर्ट घरी आलेला. म्हणाला, अरे, क्लबहाउसचा टॉयलेट धोंडीबाला उघडून दे ना. मी शांतपणे समजावलं की तो सभासदांसाठी आहे, तसा ठराव आहे, म्हणून तर चावी माझ्याकडे. भावनेच्या भरात ठराव बदलायचे नसतात. कुठल्या तोंडाने न्यायाचे पिक्चर दाखवतोस रे, असं म्हणून चहा न पिता गेला. माणसाला विषय वेगळे ठेवता येत नाहीत.

१९ जानेवारी
कालची फिल्म: एक भाजीवाली. दिवसभर बाजारात बसते, संडासाची सोय नाही, म्हणून कचेरीत खेटे घालते. माहितीपत्रक वाचूनच मी हेलावलो होतो.
एकतीस जण आले! आणि चर्चा पेटली. पण कशी? मेघना चिठ्ठीशिवाय उठली आणि म्हणाली, आपल्या धोंडीबाचं काय? चार घरची कामं करणारी शकू म्हणाली, आम्हीपण सकाळपासून पाणी पीत नाही, जायचं कुठे? मग सगळेच बोलायला लागले. मी टेबलावर डस्टर आपटून सांगितलं, स्थानिक विषय नकोत, फिल्मवर बोला. तर सगळे उठून खाली पार्किंगमध्ये गेले आणि तिथे दीड तास बोलत होते. मी वर समारोपाचे कागद घेऊन बसलेलो. कुणी बोलवायलासुद्धा आलं नाही.
निष्कर्ष: प्रेक्षक अजून तयार झालेला नाही.

२२ जानेवारी
कमिटीची तातडीची मीटिंग. ठराव रद्द. टॉयलेट सगळ्यांना खुला. विरोधात मी एकटा. चावी दिली. तत्त्वाचा प्रश्न होता, पण तत्त्व ऐकतो कोण?

२५ जानेवारी, रविवार
आज शो नाही. प्रोजेक्टर दुरुस्तीला आहे असं ग्रुपवर टाकलं. खरं तर तो घरीच आहे.
दुपारी धोंडीबा युनिफॉर्म परत द्यायला आला. म्हटलं, अरे, आता टॉयलेट उघडला ना? म्हणाला, बाळकुमच्या कॉम्प्लेक्समध्ये शब्द देऊन बसलोय साहेब. तिथे वॉचमनला संडास आहे, पहिलं तेच विचारलं. आता लेखी समजेवरून ऐकवणार असं वाटून मी उत्तर तयार ठेवलेलं. तर म्हणाला, तो भाजीवालीचा पिक्चर लय चांगला होता, पण मला मध्येच स्टेशनला पळावं लागलं. शेवटी त्या बाईला मिळाला का संडास?
फिल्म लावली की मी पॅसेजमध्ये समारोपाची उजळणी करतो. एकही अजून पूर्ण बघितलेली नाही. संयोजकाला वेळ कुठे असतो?
मिळाला, म्हटलं.
बरं झालं, म्हणाला, नमस्कार केला आणि गेला.

संध्याकाळी सहा वाजता
घरच्या भिंतीवर फिल्म लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. नाही मिळाला.
विनिताने विचारलं, चर्चा करायची का?
नको म्हणालो.