अंगण आवरलं त्याची गोष्ट

९ मार्च
उद्या मोजणीला सरकारी माणसं येणार! वस्तीची नवी आखणी करायचीय म्हणे. शेजारचा वेल्डर दारोदार सांगून गेला. मी म्हटलं, आधी मधलं अंगण आवरा. चार लोक येणार आणि हा पसारा? लाज जाईल! झालं — कपड्यांच्या दोऱ्या सोडल्या, शिलाईवालीचं मशीन आत, माझं इस्त्रीचं टेबल आत. यांची खाटसुद्धा. कारखान्यात पाय गेल्यापासून हे दिवसभर अंगणातच. तिथूनच अख्ख्या वस्तीची टिंगल चालते.
"एका दिवसाने काही मरत नाही तुम्ही," म्हटलं.
"तू आहेस की मारायला!"

१० मार्च
अंगण कसं लख्ख! साहेब खूश. टेप धरणारी पोरगी मात्र सारखी इकडेतिकडे बघत होती. मलाच माझं कौतुक.

२४ मार्च
कचेरीबाहेर नकाशा लागला. आमच्या अंगणावर ठळक अक्षरांत — 'रिकामी जागा'. तिथे गाड्या लावणार!
शिलाईवाली म्हणाली, "आवरा अजून!"
आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. आणि यांनी मग दिवसभर बघायचं कुठे? खोलीच्या भिंतीकडे? मी ताट बाजूला सारलं. हे हसतायत. मेलं हसू कसं येतं!

२५ मार्च
वेल्डर हरकतीचा अर्ज देऊन आला. पुन्हा पाहणी होणार. वस्तीत एकच हुकूम — कुणीही झाडू हातात धरायचा नाही.

४ एप्रिल
तीच पोरगी आली, एकटी. दोऱ्यांवर चादरी, मशीनची खडखड, समोरच्या नर्सबाई नातवाला आंघोळ घालतायत, तो बोंबलतोय. टेप ताणायला जागा नाही! यांनी खाटेवरून हाक मारली, "बाळ, उन्हात काय उभी? बस इथे." बसली. चहा प्यायली. यांच्या थट्टेला खळखळून हसली.
मी विचारलं, "काय लिहिणार गं?"
"बघते काकू."
एवढंच. पण दिवस छान गेला. एका शर्टाची कॉलर भाजली, तेवढं सोडून.

२ मे
नवा नकाशा लागला. गाड्या गेल्या, अंगण राहिलं! आणि मधोमध एक छोटासा चौकोन. आत लिहिलंय — 'खाट'.
धावत येऊन यांना सांगितलं. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. आज नुसतंच विचारलं — "नकाशात?"