सोळाचा ठोकळा

सोमवार, ३ फेब्रुवारी

शुद्धलेखन चुकणार, आधीच सांगते. टायपिंगही कासवाचं — आधी अक्षर शोधायचं, मग बोट. सहावीत आजारी पडले, शाळा सुटली ती सुटलीच. वहिनीने तिचा लॅपटॉप दिलाय, नववा लागलाय, पोटामुळे आता तिच्या मांडीवर मावत नाही म्हणून! म्हणाली, "लिहीत जा काहीबाही. हात बसेल."

कामाला लागून महिना झाला. हॉस्पिटलचं तळघर, माझे स्कॅन व्हायचे त्याच्याच मागची खोली. कॅन्सर झालेल्या मुलांना सीटी स्कॅनमधून किती रेडिएशन बसलं, त्याची यादी करायची. नावं नाहीत. नंबर.

बुधवार, ५

आमच्या खोलीच्या मॅडमनी परत समजावलं. "मशीन डोसचा आकडा छापतं ना, तो मुलाचा नसतो गं. प्लास्टिकच्या गोल ठोकळ्यावर मोजलेला असतो, बत्तीस सेंटीमीटरच्या. आपली पोरं काडीपैलवान! त्यांना जास्त बसतं." म्हणून मी पडद्यावर मुलाची रुंदी मोजायची, तक्त्यात टाकायची, की खरा डोस निघतो.

मी नुसती मान हलवली. "मिठाची गुळणी धरून बसते ही," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवार, ७

नंबर ८९. जन्मतारीख माझी!

पोटाचे अकरा स्कॅन. रुंदी एकोणीस. एवढीशी होते मी. पण डोस ८८च्या दुप्पट — वय तेच, रुंदी तीच, स्कॅनही तेवढेच.

जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

सोमवार, १०

परत उघडली माझी फाइल. ओळीच्या शेवटी, मुंगीएवढं — १६. म्हणजे सोळाचाही ठोकळा असतो! माझ्या वेळचं जुनं मशीन लहान मुलांना तोच धरायचं; ८८चे स्कॅन नव्यावरचे. मी सगळीकडे बत्तीसचाच तक्ता लावत गेले. दुप्पट डोस बसलाच नव्हता, मीच लिहिला होता.

आधी हायसं वाटलं. मग मोजलं. जुन्या मशीनवरची एकशे बारा मुलं! आणि यादी शुक्रवारीच वर डॉक्टरांकडे गेली. डोस फार झालेल्यांचे पुढचे स्कॅन ते लांबवतात.

मंगळवार, ११

तीनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेले. तीनदा पाणी पिऊन आले.

बुधवार, १२

चिठ्ठीत सगळं लिहिलं. मॅडमच्या चष्म्याखाली ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"आणि आज बुधवार आहे!"

लगेच फोन. नंबर ४१चा स्कॅन तीन महिने पुढे ढकललाय म्हणे. "नाही, नाही, उद्याच घ्या. आमचा आकडा चुकलाय." आमचा म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "सोळाचं मी तुला सांगितलंच नव्हतं. मी तपासलंही नाही. ओढ ती खुर्ची."

शुक्रवार, १४

एकशे बारापैकी सत्त्याऐंशी फायली दुरुस्त.

४१चा स्कॅन झाला. फुप्फुसात काहीतरी बारीक दिसलं. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, आताच औषध सुरू करतो. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. मी दोन दिवस गप्प बसले होते, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मलाच ते दोन दिवस दिसत राहिले.

संध्याकाळी मीच विचारलं, "मॅडम, नव्या मशीनवर पण ओळीच्या शेवटचा आकडा बघायचा ना?" "बोललीस एकदाची!" म्हणाल्या.

रविवार, १६

वहिनीला मुलगी झाली! मी आत्या! आईने सरळ माझ्या हातात दिली. रुंदी दहा सेंटीमीटर असेल, अंदाजे. कुठल्याच तक्त्यात टाकायची नाही.